पाटी आयुर्वेदाची, चिठ्ठी ॲलोपॅथीची

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. निमित्त होते होमिओपॅथांच्या नोंदणीचे. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, पूर्ण केलेल्या होमिओपॅथांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंद करायची, असे सरकारने ठरवले होते. मग वाहिन्यांवर आणि व्हॉट्सॲपवर जो धुरळा उडाला तो ठरल्यासारखाच होता. एकीकडून ‘रुग्णांच्या जिवाशी खेळ’ आणि ‘खिचडी पॅथी’. दुसरीकडून ‘ॲलोपॅथीची मक्तेदारी’ आणि ‘आधी खेड्यात जाऊन दाखवा’. नीट ऐकले तर दोन्ही बाजू एकाच गोष्टीसाठी भांडत होत्या: चिठ्ठीवर अँटिबायोटिक लिहायचा हक्क कुणाचा? या भांडणाचा परिणाम ज्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांवर होणार आहे, ती मुले मात्र चर्चेत कुठेच नव्हती. बारावीला बसलेली, नीटची तयारी करणारी आणि ‘एमबीबीएस नाही तर निदान बीएएमएस तरी’, म्हणजे आयुर्वेदाची पदवी तरी, हे वाक्य घरात उठता-बसता ऐकणारी मुले.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आरोग्याच्या क्षेत्रात आयुष्य काढायचे असेल तर वाट पॅथीच्या नावावरून निवडू नये. रोज सकाळी उठून प्रत्यक्ष कोणते काम करायचे आहे त्यावरून निवडावी. आयुर्वेद शिकायचा तर आयुर्वेदच करण्यासाठी शिकावा. आणि ‘मला रोगाकडे नाही, माणसाकडे बघायचे आहे’ असे जे विद्यार्थी मनापासून म्हणतात, त्यांनी नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-श्रवण उपचार, उपशामक सेवा (बरा न होणाऱ्या आजारात वेदना कमी करणारी सेवा) ही नावे यादीच्या तळाशी ढकलण्याआधी थांबावे. हे लोक जे शोधत आहेत ते बहुतेक वेळा तिथेच असते.

आज निवड होते कशी ते बघा. २०२४ मध्ये नीटला सुमारे २३ लाख मुले बसली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. बीएएमएस आणि बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवी, यांचे प्रवेशही याच परीक्षेच्या गुणांवर. मग गुणवत्ता यादी जसजशी खाली सरकते तसतशी मुलेही सरकतात: एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस. आयुर्वेदाचे आकर्षण म्हणून आयुर्वेदाला गेलेला विद्यार्थी नसतोच असे नाही, पण वर्गात तो अल्पसंख्य असतो हे तिथले प्राध्यापकही खासगीत मान्य करतात. साडेपाच वर्षांनी पदवी हातात पडते. त्यानंतर पुण्या-मुंबईच्या एखाद्या मध्यम खासगी रुग्णालयात रात्री अकरा वाजता जाऊन पाहा, वॉर्डात ड्युटीवर असलेला आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, बहुधा हाच पदवीधर असतो. तो सलाइन लावतो, मोठ्या डॉक्टरांना फोन करून इन्सुलिनचा डोस विचारतो, नातेवाइकांच्या शिव्या खातो. चरक आणि वाग्भट तो शिकला, त्याचा या कामाशी संबंध नाही. आणि ज्या कामाचा पगार मिळतो ते बरेचसे ड्युटी करता करता, सीनियरकडे बघून उचललेले. रुग्णालयाला तो परवडतो कारण एमबीबीएसपेक्षा स्वस्त पडतो. ही व्यवस्था कुणाच्या फायद्याची आहे? आयुर्वेदाच्या तर नक्कीच नाही.

कायद्याचीही यात गंमत आहे. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यावसायिक कायद्याच्या आधाराने सरकारने आयुर्वेद पदवीधरांना त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरायची मुभा दिली; होमिओपॅथांसाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. पण न्यायालयांची भाषा निराळी आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईतले एक प्रकरण आले: होमिओपॅथीची पदविका घेतलेल्या डॉक्टराने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचे शिक्षण घेतले नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच मुळात निष्काळजीपणा, असे न्यायालयाने ठरवले. एप्रिल २०२३ मध्ये गुजरातच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की सरकारी आयुर्वेद डॉक्टरांना एमबीबीएस डॉक्टरांइतके वेतन मागता येणार नाही, कारण दोघांचे काम सारखे नाही. म्हणजे सोय असेल तेव्हा ‘तुम्हीही डॉक्टरच’, आणि पगाराची किंवा जबाबदारीची वेळ आली की ‘तुमचे काम वेगळे’. अठरा वर्षांच्या मुलाला या फटीत ढकलताना हे कुणी सांगते का?

हे आजचेच नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या नोंदणीकृत डॉक्टरांची संख्या ४७,५२४ दिली आहे; त्यात पदवीधर होते १७,६५४ आणि उरलेले २९,८७० लायसेन्शिएट, म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले एलएमपी किंवा एलसीपीएस. जुन्या तालुक्याच्या गावी ‘डॉक्टर’ म्हणून जो माणूस होता तो बहुधा हाच. समितीने ही पायरी बंद करायची शिफारस केली आणि पुढे ती बंद झालीही. हेतू उदात्त होता: खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का? पण झाले काय? पदवीधर शहरात राहिला, लायसेन्शिएट संपला आणि मधली जागा रिकामी पडली. ती जागा वैद्यांनी भरायची की कसे, यावर मग समित्यांमागून समित्या. १९४८ च्या चोप्रा समितीने दोन्ही पद्धतींच्या मिश्र शिक्षणाची बाजू घेतली. १९६३ च्या व्यास समितीने शुद्ध आयुर्वेदाची. मधल्या काळात देशातल्या आयुर्वेद महाविद्यालयांतले विद्यार्थी संपावर जात होते, आणि त्यांची मागणी होती आम्हाला आधुनिक वैद्यक जास्त शिकवा. ‘जी.एफ.ए.एम.’ या आयुर्वेदाच्या जुन्या पदवीची अक्षरे असलेल्या दवाखान्यांच्या पाट्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. ती त्याच खेचाखेचीची खूण. तीन पिढ्या आपण त्याच प्रश्नाभोवती फिरतो आहोत: खेड्याला स्वस्त डॉक्टर हवा, तो उघडपणे तयार करायचे धाडस नाही, म्हणून दुसऱ्याच कामासाठी तयार केलेला माणूस तिथे बसवायचा.

आता समोरच्या बाजूचे जे खरे आहे ते खरे म्हटलेच पाहिजे. मेळघाटात, नंदुरबारच्या सातपुड्यात, भामरागडला पावसाळ्यात कोण जाते? आदिवासी भागातल्या भरारी पथकांत वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर जे ‘मानसेवी’ वैद्यकीय अधिकारी फिरले, ते बहुतेक बीएएमएस. १०८ च्या रुग्णवाहिकेतला डॉक्टर, शाळांतून मुले तपासणारे पथक, उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी, इथेही हीच मंडळी मोठ्या संख्येने दिसतात. संपात सामील झालेल्या एमबीबीएसवाल्यांपैकी किती जणांनी बंधपत्राची, म्हणजे पदवीनंतरची सक्तीची सरकारी, सेवा पैसे भरून चुकवली, हा प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला तर त्यात काही वावगे नाही. आधी बीएएमएसवाल्यांना खेड्यात पाठवायचे आणि मग भोंदू म्हणायचे, हा कृतघ्नपणा आहे.

पण या युक्तिवादातून निघते काय? एमबीबीएस नसलेला माणूस चांगली सेवा देऊ शकतो, एवढेच. आणि ते तर महाराष्ट्राने जगाला दाखवून दिले आहे! जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने थोड्याफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केले. त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांचे वजन केले, श्वास मोजले, जंतुसंसर्ग ओळखला आणि गरज पडेल तिथे जेंटामायसिनची इंजेक्शने दिली. त्या गावांतला नवजात बालकांचा मृत्यूदर निम्म्याहून अधिक उतरला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. लक्षात घ्या, इंजेक्शन टोचणारी बाई सातवी-आठवी शिकलेली होती, आणि तरीही ते सुरक्षित ठरले. का? कारण तिला नेमके कोणते काम करायचे ते ठरलेले होते, तेवढेच पण पुरते शिकवलेले होते आणि तिच्यावर देखरेख होती. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा ग्रामीण वैद्यकाचा अभ्यासक्रम उघडला. तो काही वर्षांत बंद पाडला गेला. पण त्यातून बाहेर पडलेल्यांची तुलनात्मक पाहणी झाली तेव्हा प्राथमिक आजारांच्या उपचारात ते एमबीबीएसच्या बरोबरीने उतरले आणि आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) डॉक्टर त्यांच्या मागे राहिले. तीन वर्षे शिकलेला पुढे आणि साडेपाच वर्षे शिकलेला मागे! यात आयुष डॉक्टरांची बुद्धी कमी पडली असे मुळीच नाही. त्यांना शिकवले एक आणि परीक्षा घेतली दुसऱ्याची. खेड्यासाठी डॉक्टर हवा असेल तर तो सरळ तयार करा. होमिओपॅथीची साडेपाच वर्षे आणि वर सीसीएमपीचे एक, एवढा वळसा घालून तिथेच यायचे तर हा मुलांच्या वयाचा आणि बापाच्या पैशाचा अपव्यय नव्हे काय?

दुसरा मुद्दा आयुर्वेदाच्या मोलाचा. ‘आयुर्वेदात काही नाही’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पडताळून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि त्यानंतर या वनस्पतीकडे सगळ्या जगाचे लक्ष गेले. भगंदरावरच्या क्षारसूत्राची, म्हणजे क्षार लावलेल्या औषधी दोऱ्याची, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने शस्त्रक्रियेशी तुलना करून पाहिली. १९९१ मध्ये निष्कर्ष आले. जखम भरायला क्षारसूत्राला जास्त आठवडे लागले, पण रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेत ११ टक्के तर क्षारसूत्रात ४ टक्के. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढले ते योगक्रियांचा शरीरावरचा परिणाम उपकरणांनी मोजण्यासाठी. शंभर वर्षांपूर्वी हे धाडसच होते. पण या तिन्ही उदाहरणांत काय दिसते? परंपरेतली एक गोष्ट उचलून तिला पडताळणीच्या भट्टीत घालणारी चिकाटी. क्षारसूत्र उत्तम करणारा वैद्य आजही पाटीवर अभिमानाने तेच लिहितो आणि त्याच्याकडे सर्जनही रुग्ण पाठवतात. जो बाहेर धन्वंतरीचे चित्र लावून आत सिप्रोफ्लॉक्सासिन लिहितो, त्याने आयुर्वेदाची कोणती सेवा केली? नोव्हेंबर २०२० मध्ये शल्य (शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा) शाखेच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रक्रियांची यादी निघाली तेव्हाही वाद झाला तो ‘त्यांना करू द्यावे की नाही’ यावर. त्या शिकायला महाविद्यालयाच्या शस्त्रक्रियागृहात पुरेसे रुग्ण येतात का, हा साधा प्रश्न दोन्ही छावण्यांत फार थोड्यांनी विचारला.

होमिओपॅथीबद्दल मला एवढे उदार होता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन २०१५ मध्ये स्पष्ट म्हटले की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराच्या बाबतीत सापडत नाही. यावर मिळणारे उत्तर मात्र मला विचार करायला लावते: ‘अहो, पण त्यांनी माझे ऐकून तरी घेतले.’ पाऊण तास बसून झोप कशी लागते, भीती कशाची वाटते, उन्हाळा सोसतो की हिवाळा, हे विचारणारा माणूस रुग्णाला देवासारखा वाटतो. सरकारी ओपीडीत दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडते, त्याच्यापुढे हे कितीतरी सुखाचे आहे. मी हा मुद्दा थट्टेवारी नेणार नाही. त्या रुग्णाला खरेच बरे वाटलेले असते.

मात्र वेळ देणे ही कुठल्या गोळीची मालमत्ता नाही. फिजिओथेरपिस्ट पक्षाघाताच्या रुग्णापाशी आठवड्यातून तीन दिवस, पाऊण-पाऊण तास, महिनोन्‌महिने असतो. घरातला संडास भारतीय की कमोड, जिना किती पायऱ्यांचा, सून मदतीला आहे की नोकरीला जाते, हे त्याला माहीत असावेच लागते, नाही तर उपचारच ठरत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारतो, तुम्हाला भाकरी थापायची आहे की शर्टाची बटणे लावायची आहेत, आणि तिथून सुरुवात करतो. पक्षाघाताने वाचा गेलेल्या आजींना बोलते करायचे असेल तर त्यांची मराठी यावी लागते, नुसती पुस्तकी नव्हे, कोल्हापूरची किंवा वऱ्हाडातली. हे काम केरळातून किंवा दिल्लीतून माणूस आणून होणार नाही. वाचा-श्रवण उपचाराचे शिक्षण देणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून आहे. किती मराठी पालकांनी तिचे नाव ऐकले आहे? भारतातले पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचे सेवागृह, शांती आवेदना सदन, हेही १९८६ मध्ये वांद्र्यालाच उभे राहिले. पण उपशामक सेवा गावोगाव नेली ती केरळने: १९९३ मध्ये कोळिकोडला सुरुवात, २००८ मध्ये राज्याचे धोरण, आणि घरी जाणाऱ्या नर्सभोवती उभी केलेली सगळी व्यवस्था. आपल्याकडे पहिले दार उघडले आणि आपण उंबऱ्यावरच राहिलो.

केईएम रुग्णालयातल्या, हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचा खटला इच्छामरणाचा खटला म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. १९७३ ते २०१५, बेचाळीस वर्षे, केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, पुसले, कुशीवर वळवले. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ चार आठवडे न फुटू देणे किती अवघड असते हे ज्याच्या घरी कुणी पडून आहे त्याला विचारा. त्याला ज्ञान लागते, हात लागतो, शिस्त लागते. हे कुठल्या पॅथीत मोडते?

आणि आता सगळ्यात जड हरकत: पगार आणि मान. ‘मुलीला नर्स करायची? एवढा खर्च करून?’ असे विचारणाऱ्या बापाला मी मूर्ख म्हणणार नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१६ मध्ये नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत असे सुचवले. कितीतरी ठिकाणी तेवढे आजही मिळत नाहीत. मानाचे म्हणाल तर सप्टेंबर २०२५ मध्येच, त्या संपाच्या काही दिवस आधी, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असे पत्र काढले आणि ओरड होताच लगेच मागे घेतले. समाजमाध्यमांवर त्या दोन अक्षरांवरून जेवढी शाई सांडली त्याच्या दशांशही फिजिओथेरपिस्टांच्या पगारावर सांडली नाही.

तरीही या हिशेबात एक चूक आहे: तो आजचा भाव कायमचा धरतो. मान आणि पगार हे कामाच्या अंगचे गुण नसतात, ते भांडून, संस्था उभारून बदलता येतात, आणि पुण्यात हे घडलेले आहे. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुणे सेवासदन सुरू केले आणि पुढे त्यातल्या विधवांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली. परक्या पुरुषाला हात लावायचा, रक्त-मलमूत्र उचलायचे, तेही सोवळ्या घरातल्या बाईने? त्या काळच्या पुण्यात यावर काय बोलले गेले असेल ते सांगायला नको. पण एकदा वसतिगृह, शिक्षण आणि नोकरी यांची साखळी उभी राहिली तशी कुजबुज मागे पडली. आज कामाची मागणी तेव्हापेक्षा कितीतरी मोठी आहे. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात सुमारे १० टक्के लोक साठीच्या पुढचे होते. मुले बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला, आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आजोबांना सांभाळते ती ब्युरोने पाठवलेली मावशी, जिला नळीने अन्न कसे द्यायचे हे कुणी शिकवलेले नाही. तिकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिका आणि रुग्णसेवक आहेत. जर्मनीला आपली सिस्टर हवी आहे, तिला भाषा शिकवायची तयारी आहे. आपल्याला तिला धड पगार द्यायची तयारी नाही. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. सीसीएमपीच्या नोंदवहीसाठी जेवढा जोर लावला गेला तेवढा या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी, किमान वेतनासाठी, रात्री एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत याच्या सक्तीसाठी कोणत्या संघटनेने लावला?

ज्या घरात यंदा पसंतीक्रम भरायचा आहे तिथे दोन कामे करता येतील. बीएएमएसचा विचार असेल तर त्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता न कळवता जावे. ओपीडीत रुग्ण आहेत का, पंचकर्माच्या खोलीत तेलाचा वास येतो की कुलपाला गंज चढलाय, शेवटच्या वर्षाची मुले वॉर्डात आहेत की कुठल्या खासगी रुग्णालयात ड्युट्या करताहेत, हे अर्ध्या तासात समजते. कागदावरचे रुग्ण आणि कागदावरचे शिक्षक ही या क्षेत्रातली जुनी तक्रार आहे. जिथे खरे रुग्ण आणि खरे गुरू आहेत तिथे अवश्य जावे आणि वैद्यच व्हावे. दुसरे काम तारखेचे आहे. बी.एस्सी. नर्सिंगची राज्याची सीईटी गेली काही वर्षे वेगळी होते आणि तिचा अर्ज नीटचा निकाल लागायच्या कितीतरी आधी भरावा लागतो. निकाल हातात आल्यावर ‘आता काय काय उरले आहे’ असे बघायला बसणाऱ्याला ते दार तोवर बंद झालेले असते.